चालत्या मामाला मी बसवलं

सीताराममामा, मी आज जो काही आहे तो तुझ्यामुळे आहे. हे वाक्य मी कॉलेजात निबंधात लिहिलं, कंपनीच्या मुलाखतीत साहेबांसमोर बोललो, तुझ्या सुनंदाच्या लग्नात माइक हातात घेऊन सांगितलं. तेव्हा तू मांडवाच्या खांबाआड जाऊन उभा राहिला होतास, आणि मामी ओरडली होती, "अहो, पुढं या, तुमचंच नाव घेतोय तो!" ते म्हणताना मला फार अभिमान वाटायचा. आज तुला जाऊन अकरा दिवस झाले आणि तेच वाक्य मला म्हणता येत नाही. कारण त्याला जोडून दुसरं एक वाक्य आहे आणि ते फक्त मला ठाऊक आहे. तू आज नाहीस, तेही बरंचसं माझ्यामुळे.

लोक भेटायला येतात. ओसरीवर टेकतात, पाणी पितात, म्हणतात, साखरेचा आजार असाच, गुपचूप येतो, कुणाला काय कळणार. मामी येईल त्या बाईला एकच विचारते, "कवा लागली गो यांना ही साखर? माझ्या हातचं जेवत होते, मग मला कशी दिसली नाय?" बायका तिच्या पाठीवरून हात फिरवतात. मी पाण्याचा तांब्या घेऊन आत जातो.

मामा, मला दिसली होती. सात वर्षांपूर्वी कागदावर दिसली होती. तेव्हा ती लागलीसुद्धा नव्हती, लागायच्या बेतात होती. परतवता आली असती. आणि तिला परतवायचं औषध तुझ्या दोन पायांत होतं.

त्या पायांबद्दल आधी लिहितो, कारण तेच लिहायला मला सोपं जातं.

पेणच्या पोस्टातून थैली खांद्याला लावून तू हमरापूरच्या बाजूला निघायचास. सरकारनं सायकल देऊ केली होती, ती तू घेतली नाहीस. "बांधावर कोण कोणावर बसल, सायकल माझ्यावर का मी तिच्यावर?" असं तू पोस्टमास्तरांना विचारलंस म्हणे. पावसाळ्यात गुडघाभर चिखल, उन्हाळ्यात तापलेली ढेकळं, तू आपला चालत. मी अकरावीपासून बी.एस्सी. होईपर्यंत तुझ्या घरी राहिलो. माझं घर कोलाडजवळच्या खेड्यात, तिथून कॉलेज करणं शक्य नव्हतं. वडील म्हणाले होते, दहावी झाली, पुरे, शेतावर ये. तू रजा काढून कोलाडला आलास आणि त्यांना म्हणालास, "भावोजी, हा पोरगा माझ्याकडं द्या. मी लोकांची कागदं वाचतो, हा कागदावरचं समजून घेल." आमच्या घरात त्याआधी कुणी मॅट्रिकसुद्धा झालेलं नव्हतं. प्रवेशाचे अर्ज तू भरलेस. पदवीचा निकाल आला तो पोस्टाचा लिफाफा तू दुसऱ्या कुणाला वाटू दिला नाहीस. घराच्या दारात उभं राहून, मी समोर असताना, मोठ्यानं "टपाल!" असा पुकारा केलास आणि सही घेऊनच लिफाफा माझ्या हातात दिलास.

तुझं खाणं मी पाच वर्षं डोळ्यांनी पाहिलं. सकाळी पोह्यांची परात, दुपारी भाताचा ढीग आणि वालाचं बिरडं, परत आल्यावर चहा, त्यावर पुन्हा भात. शिवाय बीटवर, टपाल वाटायच्या फेरीत, मिळेल ते. आमच्याकडे चांगली बातमी आणणाऱ्याला कोरड्या तोंडानं पाठवत नाहीत. हमरापूरच्या गणपतीच्या कारखान्यांना पुण्या-मुंबईच्या मागण्यांची पत्रं यायची, प्रत्येक मागणीला पेढा. मनीऑर्डर आली की चहा. मुलगा झाला, नोकरी लागली, लग्न ठरलं, की हातावर साखर. घरात काहीच नसेल तर गुळाचा खडा. तू कधी नाही म्हणाला नाहीस. "माणसाच्या आनंदाला नाय कसं म्हणायचं?" आणि तरी तुझं पोट पाठीला लागलेलं, पिंढऱ्या दगडासारख्या. जे खायचास ते तू बांधावर चालून जिरवायचास. हे तुला माहीत नव्हतं. मला रसायनशास्त्राची पदवी होती, मलाही नव्हतं. डॉक्टरबाईंनी सांगितलं तेव्हा कळलं.

त्याआधी एक सांगायला हवं, नाहीतर मी जे केलं ते का केलं हे कुणाला कळणार नाही.

तू नुसता पत्रं वाटत नव्हतास, निम्म्या घरांत ती वाचूनही दाखवायचास. आणि तू कागदावर लिहिलं होतं ते जसंच्या तसं कधी वाचलं नाहीस. कोपरा फाडलेलं कार्ड आलं, म्हणजे कुणीतरी गेलं. तू दारात उभा राहून म्हणायचास, "आजारी हायत म्हणं, जरा जास्त हाय. लगोलग निघा." माणसं निघायची, तिथे पोहोचून त्यांना कळायचं, पण तोवर चार नातेवाईक जवळ असायचे. रिबकाआजीचं तर मी स्वतः पाहिलं आहे. गावातली बाकीची ज्यू मंडळी इस्रायलला निघून गेली, आजी एकटी राहिली. मुलाचं मराठीतलं पत्र तिकडून यायचं. मी एकदा कॉलेजच्या सुटीत तुझ्याबरोबर तिच्याकडे आलो होतो, चष्मा घरी राहिला म्हणून तू पत्र माझ्या हातात दिलंस. त्यात लिहिलं होतं की आता माझं येणं होणार नाही, घर विकून टाक आणि तूच इकडे ये. मी ते मनात वाचून थबकलो आणि माझं तोंड बघून तू माझ्या हातातून कागद घेतलास. चष्म्याशिवाय कागदाकडे बघत तू वाचलंस, "आई, कामाचा लई घोळ हाय, यंदा जमत नाय, पुढं बघू. मुलं तुझ्या मलिद्याची आठवण काढतात." आजी हसली. आत जाऊन तिनं पोहे, खोबरं, साखर कालवून मलिदा केला आणि आपल्याला वाटीवाटी भरून दिला.

परतताना मी तुझ्याशी भांडलो. म्हणालो, मामा, हे खोटं आहे. तू म्हणालास, "वाईट बातमी कागदानं द्यायची नसते रं. ती माणसानं द्यायची असते, जवळ बसून, वेळ बघून. मी तिला सांगणार हाय. सुटी घेऊन जाईन एक दिवस." आणि मग, "नुसतं वाईट गाळून भागत नाय. त्या जागी कायतरी चांगलं घालावं लागतं. नायतर माणसाला भोक दिसतं."

तू गेलास का रे तिच्याकडे सुटी घेऊन? मी कधी विचारलं नाही. विचारायला हवं होतं.

मला रोह्याच्या कंपनीत लॅबमध्ये नोकरी लागली. तिसऱ्या वर्षी कंपनीनं तपासणीचं शिबिर घेतलं, कामगाराबरोबर घरातलं एक माणूस आणायची मुभा होती. बाकीच्यांनी बायको आणली, आई आणली. मी तुला आणलं. तुझी निवृत्ती चार महिन्यांवर आली होती. उपाशीपोटी तुझं रक्त घेतलं, मग ग्लुकोजचं पाणी पाजलं. तू ग्लास रिकामा करून नर्सला म्हणालास, "बाई, बातमी काय ती तर सांगा, तोंड आधीच गोड केलंत!" सगळी रांग हसली होती.

आठवड्यानं डॉक्टरबाईंनी मला बोलावलं. त्यांचे शब्द मला पाठ आहेत. "तुमच्या मामांना मधुमेह नाही. पण साखर असायला हवी त्यापेक्षा वर आहे. असंच चालू राहिलं तर काही वर्षांत होईल. आणि लक्षात ठेवा, हा टाळता येतो. गोळी लागणार नाही. रोज भरभर चालायचं, भात निम्मा करायचा, त्या जागी डाळ-उसळ, भाजी वाढवायची, चहा बिनसाखरेचा, पोट वाढू द्यायचं नाही. ते काम काय करतात?" मी म्हणालो, पोस्टमन आहेत, चालतात. त्या म्हणाल्या, "मग आजवर त्यांना चालण्यानंच धरून ठेवलंय. निवृत्त कधी होतायत?" मी सांगितलं. त्यांनी पेन खाली ठेवलं. "तिथूनच धोका आहे. नोकरी सुटली तरी चालणं सुटता कामा नये. त्यांना घेऊन या, मी स्वतः समजावून सांगते. आणि त्यांच्या मुलांनाही सांगा. वडिलांना असेल तर मुलांनी आधीपासून जपायचं असतं."

मामा, त्याच आठवड्यात तुझं पत्र आलं होतं. सुनंदाला नागोठण्याच्या मंडळींनी पसंत केलं होतं. तू लिहिलं होतंस, बोलणी नाजूक आहेत, मुलाकडची माणसं चौकस आहेत, सगळं नीट पार पडू दे. घराण्यात काय आजार आहेत हेसुद्धा ते विचारत होते. मी कागद पुढ्यात घेऊन बसलो. तुझं म्हणणं आठवलं, वाईट बातमी कागदानं द्यायची नाही, जवळ बसून द्यायची, वेळ बघून. मी ठरवलं, लग्न होऊ दे. मग एक दिवस येईन, जवळ बसेन, सांगेन. तोवर काळजी नसावी म्हणून पत्र लिहिलं. वाईट गाळलं. आणि भोक दिसू नये म्हणून त्या जागी माझ्याजवळ होतं ते सगळ्यात चांगलं घातलं. तुला मोपेड घेऊन देणार होतो, ते लिहिलं.

मी तुझ्याकडून शिकलेली ही एकच गोष्ट इतकी तंतोतंत केली.

निवृत्तीच्या दिवशी मोपेड तुझ्या दारात आली. तू तिला हार घातलास. मामी मागे बसायला लाजत होती, तू म्हणालास, "बस गो, रजिस्टर पार्सल हायस, सही घेऊनच उतरवीन." मी टाळ्या वाजवल्या. डॉक्टरबाईंचे शब्द तेव्हा मला आठवत होते मामा, विसरलो नव्हतो. मी स्वतःला म्हणत होतो, लग्न झालं की.

लग्न झालं. मग तुझी सत्यनारायणाची पूजा. मग माझं लग्न. दर वेळी पेणला येताना एसटीत मी वाक्यं जुळवायचो आणि तू दारात हसत उभा दिसलास की ती गिळायचो. तुझा दिनक्रम बदलला होता. सकाळी मोपेडवरून बाजार, दुपारी केबलवर क्रिकेट, संध्याकाळी मोपेडवरूनच नाक्यापर्यंत. थैली सुटली, चालणं सुटलं, खाणं मात्र तेच राहिलं. उलट वाढलं. जुन्या बीटवरचे लोक मायेनं घरी यायचे, पेढे आणायचे. वर्षभरात तुझ्या सदऱ्याचं बटण लागेना. लोक म्हणाले, पेन्शन मानवली! मामी दृष्ट काढायची.

मग मी सल्ले द्यायला लागलो. कारण न सांगता. मामा, भात कमी कर. तू म्हणायचास, "भाताबिगर जेवण म्हंजे टपालाबिगर थैली." मामा, चहात साखर नको. "मग चहा तरी कशाला, ऊन पाणी दे." मामा, रोज सकाळी चालत जा. यावर तू खरोखर चिडला होतास. "तीस वर्षं चाललो तवा सगळे म्हणायचे, बिचारा सीताराम, किती चालतो. तूच म्हणालास, आता बसून खा. बसलो. आता म्हणतोस, चाल. एक काय ते ठरव."

माझ्यापाशी उत्तर होतं. ते दिलं असतं तर तू त्याच दिवशी पायांत चपला घातल्या असत्या, एवढा मी तुला ओळखतो. पण उत्तर दिलं असतं तर पुढचा प्रश्न आला असता, कधीपासून माहीत आहे तुला? दर वर्षानं त्या प्रश्नाचं उत्तर आणखी लाजिरवाणं होत गेलं. म्हणून मी युक्त्या केल्या. कार्ड टाकून तुला कामं सांगायचो, अमक्याची चौकशी करून ये, तमक्या शेतातला वाल कसा आहे बघून ये. तू चालशील या आशेनं. तू मोपेडवरून जायचास आणि उलट टपाली कळवायचास, "काम झाले. दहा मिनिटांत जाऊन आलो. मोपेड फार उपयोगी."

हमरापूरचा तो दिवस आठवतो? गणपती आणायला आपण दोघं गेलो होतो. कारखान्याच्या पायऱ्या सातच, पण तू मध्येच थांबलास. मूर्तिकार तुझा जुना दोस्त, रंगाचा ब्रश कानावर ठेवून ओरडला, "टपालवाले, यंदा तुमचंच माप घेतो! सोंड तेवढी लावली की झालं!" पोरी रंगवता रंगवता हसायला लागल्या. तूही हसलास. "मग पाटावर मलाच बसव, पण एकवीस मोदक रोजचे लागतील." मी हसलो नाही. ते तू बघितलंस. मूर्ती बांधून होईपर्यंत आपण बाहेर बाकावर बसलो, तेव्हा तू एकदम विचारलंस, "वसंता, खरं सांग. तवाच्या त्या तपासणीच्या कागदात काय होतं?"

इतकं सरळ विचारलंस. जवळ बसलेला होतास. वेळही तीच होती. तू मला शिकवलं होतंस त्यातलं सगळं तिथे त्या बाकावर जुळून आलं होतं.

मी म्हणालो, "काही नव्हतं, मामा."

 तू म्हणालास, "बरं." आणि उठून मूर्तीला हात लावायला आत गेलास. सुनंदाच्या लग्नाला तेव्हा दोनच वर्षं झाली होती. अजून उशीर झाला नव्हता, हे मी तुझ्या मरणानंतर डॉक्टरांना विचारून घेतलं आहे. मला ते ऐकायचं होतं. कशासाठी, ते सांगता येत नाही.

बाकीचं तुला माहीत आहे, पण तुला सगळं जाणवलं नाही, म्हणून लिहितो. या दिवाळीनंतर तुझ्या चपलेचा खिळा वर आला आणि तळव्यात घुसला. तू दोन दिवस तसाच वावरलास. कोणत्या बांधावरचा कोणता दगड हलतो हे ज्या तळव्याला ठाऊक होतं, त्याला खिळा कळला नाही. मामीला चपलेवर रक्त दिसलं. पेणच्या दवाखान्यात डॉक्टरांनी पाय बघितला, रक्त तपासलं आणि विचारलं, "डायबिटीस किती वर्षं आहे?" तू खाटेवरून हसत म्हणालास, "आमाला कुठला, डॉक्टर? आमी चालणारी माणसं." डॉक्टरांनी माझ्याकडे पाहिलं. मी भिंतीवरच्या दिनदर्शिकेकडे पाहिलं.

मुंबईला नेलं. आधी अंगठा कापला. मग घोट्याच्या वर. विष त्याच्याही वर गेलं होतं. शेवटून दुसऱ्या दिवशी दुपारी मामी जेवायला गेली होती, मी तुझ्याजवळ होतो. तू पांघरुणाकडे, जिथे पाय संपत होता तिथे बघत होतास. म्हणालास, "वसंता, तू माझ्यासारखाच वाचतोस रं." मला वाटलं तापात बोलतो आहेस. मी म्हणालो, काय मामा? तू डोळे मिटलेस आणि माझ्या मनगटावर दोन वेळा थोपटलंस, जसं तू रिबकाआजीच्या हातावर थोपटायचास.

तुला कळलं होतं, होय ना? ज्यानं तीस वर्षं दुसऱ्यांची पत्रं गाळून वाचली, त्याला गाळलेलं पत्र ओळखता येणार नाही? मग मला रागावला का नाहीस? शिव्या का नाही दिल्यास? मी किती दिवस त्या एका शिवीसाठी तडफडतो आहे. का तू मलाच सांभाळत होतास, भाच्याला वाईट वाटू नये म्हणून? का कळूनही तुला ते कळून घ्यायचं नव्हतं, कारण मोपेड मी दिली होती आणि मोपेड सोडली तर माझं मन मोडलं असतं? मामा, आपण दोघं एकमेकांची मनं जपत बसलो. तुझा पाय त्यात गेला. तू गेलास.

आज सकाळी मामी माझ्यापुढे येऊन बसली. हातात निळं आंतरदेशीय पत्र होतं, घड्या झिजलेल्या. म्हणाली, "यांच्या पेन्शनच्या पुस्तकात व्हतं. बाकी सारी कागदं ट्रंकेत, हे एकच निराळं. मला वाचता येत नाय. कुणाचं हाय रं? वाच बघू."

मी अक्षर ओळखलं. माझंच होतं.

सुनंदा दाराशी बसली होती. नागोठण्याला दिवसभर शिलाई मशीनवर बसून काम करते, दुसऱ्या बाळंतपणानंतर अंग फार सुटलं आहे, काल तिला ओसरीच्या पायरीवर दम लागला. उद्या-परवा तेराव्याचं गोड जेवण. तुला बुंदी आवडायची म्हणून तिनंच बुंदी सांगितली आहे. तिला बघून डॉक्टरबाईंचे ते शेवटचे शब्द मला आठवले, मुलांनाही सांगा. सात वर्षं मी तेही दाबून ठेवलं आहे. ती पस्तिशीची नाही अजून. तिची साखर आज कुठे आहे कुणालाच माहीत नाही. तिला रोज चाल, भात कमी कर, रक्त तपास असं मी नुसतं सांगितलं तर ती तुझ्यासारखीच हसेल. का, ते सांगितलं तरच ऐकेल. आणि का, ते सांगायचं म्हणजे तिचा बाप कसा गेला ते सांगायचं. त्यानंतर ती मला या घराच्या पायरीवर उभं करील की नाही, मला ठाऊक नाही. मामी करील की नाही, तेही नाही.

"वाच ना," मामी म्हणाली. "गप का?"

मामा, मला तुझ्यासारखं वाचता येतं. चार ओळी बदलल्या असत्या तर दोघींना काही कळलं नसतं. दोघी निजल्या असत्या आज सुखानं.

मी सुनंदाला जवळ बोलावलं. म्हटलं, ताई, तूही बस. हे पत्र मी मामाला पाठवलं होतं. यात जे लिहिलंय ते मी एकही शब्द न गाळता वाचणार आहे, आणि वाचून झालं की यात जे लिहिलेलं नाही ते सांगणार आहे. तोवर कुणी उठू नका.  मग वाचलं. असं होतं ते पत्र:

रोहा, मंगळवार

तीर्थरूप मामांस,

वसंताचा साष्टांग नमस्कार.

आपले पत्र पोहोचले. सुनंदाताईचे जमत आले हे वाचून फार आनंद झाला. मंडळींना नि:शंक मनाने पुढची बोलणी करायला सांगा.

आपला तपासणीचा रिपोर्ट आला. डॉक्टरबाईंनी स्वतः पाहिला. सर्व ठीक आहे. वयाच्या मानाने थोडेफार कमीजास्त असते, ते सर्वांनाच असते असे त्या म्हणाल्या. काळजी नसावी. मामींनाही तसे सांगावे.

मामा, आपण तीस वर्षे उन्हापावसात पायपीट केलीत. मी पदवीधर झालो तो आपल्या पायांवर उभा राहून झालो, हे मी कधी विसरणार नाही. आता त्या पायांना विश्रांती हवी. आपल्या निवृत्तीच्या दिवशी मी एक मोपेड घेऊन येणार आहे, नाही म्हणू नये. यापुढे आपण एक पाऊलही चालायचे नाही अशी माझी विनंती आहे. आजवर गावभर दुसऱ्यांचा आनंद वाटत फिरलात, आता घरी बसून आपला आनंद घ्यावा. हवे ते खावे, हवा तसा चहा घ्यावा, दुपारी निवांत झोपावे. आपण नुसते बसलेले मला एकदा डोळे भरून पाहायचे आहे.

मामींना नमस्कार. ताईला आशीर्वाद सांगण्याइतका मी मोठा नाही, म्हणून तिलाही नमस्कार.

आपला,
वसंत

ता. क. रिपोर्टचा कागद माझ्याकडेच ठेवला आहे. आपल्याला त्याची गरज पडणार नाही.